काटा शून्यावर

गाडी बंद पडली तेव्हा वेग ५०च्या आसपास होता, चौथा गिअर होता आणि शेजारी बाबा बसले होते. झटका नाही, खोकणं नाही, धूर नाही. घरातली लाइट जावी तसं इंजिन गेलं. नजर आपोआप पॅनेलवर गेली, तर आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा, काटा शून्यावर. गाडी मात्र गिअरमध्ये होती, तिच्या वेगाने पुढे जातच होती आणि स्टिअरिंगही हलकं होतं. मी क्लच दाबला आणि त्याच क्षणी स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. इंजिन थांबलं की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये दोनतीनदा दाबण्यापुरताच वॅक्यूम उरतो, हे ठाऊक होतं. म्हणून ब्रेक पुन्हापुन्हा न मारता एकदाच दाबून धरला, गाडी कडेला घेतली, हॅझर्ड लाइट लावले आणि सेल्फ मारला. सेल्फ जोमात फिरला. इंजिन उठलं नाही.

३५ मिनिटांनी तीच गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली आणि घरापर्यंत काही कुरकुर न करता आली. बंद पडतानाच्या त्या दोन मिनिटांत काय काय पाहिलं ते मी घरी आल्यावर लिहून ठेवलं. नंतर कळलं की निदान त्या चार ओळींतच होतं. ते मला वाचता यायला दीड महिना गेला.

गाडी बाबांची. २२ वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची, डिस्ट्रिब्युटर (ठिणगीची वीज एकेका सिलिंडरला वाटून देणारा भाग) असलेली. त्यांनी ती नवी घेतली आणि पहिल्या दिवसापासून एका वहीत तिची नोंद ठेवली: ऑइल कधी बदललं, टायर कधी फिरवले, काच कधी फुटली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी चालवणं सोडलं, गाडी माझ्याकडे आली आणि वहीही आली. गाडी मी मन लावून चालवत होते. वहीकडे मात्र पहिल्या वर्षात माझं दुर्लक्ष झालं आणि त्याची किंमत पुढे इंजिनाने मोजली.

खरं तर त्रास त्या दिवसाच्या चार महिने आधीच सुरू झाला होता. दमट सकाळी गाडी मिसिंग मारायची. स्लोला उभी असताना सीटमधून एक ठोका जाणवायचा, धड-धड-धड-हुं, धड-धड-धड-हुं, म्हणजे चारातला एक भिडू दर वेळी गप्प. चढावर तर गाडी मागून कोणी ओढतंय असं वाटे. दहा-पंधरा मिनिटांनी इंजिन तापलं की सगळं सुरळीत. मी म्हणत राहिले, थंडीमुळे असेल. मग एका सकाळी चेक इंजिनचा दिवा नुसता लागला नाही, तर उघडझाप करायला लागला. हे दोन वेगळे इशारे आहेत आणि प्रत्येक गाडीवाल्याला ते ठाऊक असायला हवेत. स्थिर दिवा म्हणजे लवकर दाखवा. उघडझाप म्हणजे आत्ता पाय उचला, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळू शकतो. स्कॅनर लावला तर कोड आला पी०३०३. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरला मिसफायर, त्यातलं पेट्रोल नीट जळत नव्हतं.

त्या रात्री धाकट्या भावाला स्टिअरिंगवर बसवलं, अंगणातला दिवा बंद केला, बॉनेट उघडलं आणि इंजिन चालू करायला सांगितलं. डोळे अंधाराला सरावायला मिनिटभर लागलं. मग ते दिसलं. तिसऱ्या प्लगच्या वायरीवर, जिथे ती इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरला टेकत होती तिथे, केसाएवढी निळी रेघ थरथरत होती. बारीक टिक-टिक आवाज येत होता. फुलांवर मारायच्या फवाऱ्याने थोडं पाणी धुक्यासारखं उडवलं, तर एका रेघेच्या तीन झाल्या, डिस्ट्रिब्युटरच्या कॅपभोवतीही निळसर झालर उमटली आणि इंजिन लडखडायला लागलं. प्लगपर्यंत पोचायची ठिणगी वाटेतच उडत होती.

दुसऱ्या दिवशी डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली. आतल्या बाजूला दोन खुंट्यांच्या मध्ये शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी काळी, नागमोडी रेघ होती. हा कार्बनचा माग. एकदा ठिणगी त्या वाटेने गेली की प्लास्टिक जळून कार्बन उरतो, कार्बनमधून वीज जाते, म्हणून पुढची ठिणगीही तिकडूनच जाते. पुसून तो जात नाही, कॅपच बदलावी लागते. पण माग पडलाच का? त्याचं उत्तर प्लग काढल्यावर मिळालं. फिलर गेजने ठिणगी उडायची फट मोजली, १.६ मिलिमीटर. मॅन्युअलमध्ये होती १.१. ठिणगीने झिजून इलेक्ट्रोड बोथट झाले होते. वहीत पाहिलं, बाबांनी प्लग बदलल्याला ६८,००० किलोमीटर झाले होते. त्या साध्या निकेल प्लगांची मॅन्युअलने सांगितलेली मुदत ४०,०००.

फट वाढली की ती ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. ठिणगीचं व्होल्टेज तयार करणारी कॉइल तेवढं द्यायचा प्रयत्न करते, २५-३० हजार व्होल्टपर्यंत चढते, आणि मग वीज प्लगच्या फटीऐवजी जिथे इन्सुलेशन कच्चं असेल तिथून निसटते. चढावर एक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाबाखालच्या हवेतून ठिणगी उडवणं आणखी अवघड, म्हणून मिसिंग चढावर जास्त. म्हणजे प्लगसारखी साधी गोष्ट वेळेवर न बदलल्याने वायरी आणि कॅप यांच्यावर तो भार पडत राहिला. ३,००० आरपीएमला चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला १०० ठिणग्या मागतं. त्यातली प्रत्येक ठिणगी त्या वायरींना थोडी थोडी भाजत होती, आणि ते महिनोन् महिने चाललं होतं.

तिसऱ्याच वायरीचं काय, तेही उलगडलं. तिचं रबरी टोक उपटलं तर ते पचकन बाहेर आलं, काळ्या ऑइलने निथळणारं, दाबलं तर लोण्यासारखं मऊ. टॉर्चने आत पाहिलं, प्लग अर्धा ऑइलमध्ये बुडालेला. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगबरोबर प्लगच्या विहिरीभोवती रबरी कड्या असतात, त्या वयाने कडक होऊन ऑइल आत झिरपत होतं. आधी ऑइल कापडाने टिपून घेतलं, कारण तसाच प्लग खोलला असता तर ते सगळं सिलिंडरमध्ये उतरलं असतं. प्लग, वायरी, कॅप, तिच्या आत फिरणारा रोटर आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग कड्यांसकट, सगळं बदललं. इंजिन इतकं शांत झालं की बाबा खिडकीतून म्हणाले, "चालू केलीस का?"

दोन महिने सुखाचे गेले. आणि मग तो दिवस, काटा शून्यावर गेल्याचा.

पहिल्या गॅरेजने निदान केलं, फ्युएल पंप गेला. त्यांचा तर्क वरवरचा नव्हता, हे मुद्दाम लिहिते. दुसऱ्यांदा गाडी बंद पडली ती त्यांच्या दारापासून जवळच. त्यांचा माणूस धावत आला, मागच्या सीटखाली कान लावला, मला सेल्फ मारायला सांगितला. पंपाचा आवाज नाही. पाइपात दाब नाही. कोणीही पंपच म्हटलं असतं. नवा पंप बसेपर्यंत तीन तास गेले, गाडी चालू झाली, सगळे खूश. आठव्या दिवशी तशीच बंद.

दुसऱ्या गॅरेजने वय विचारलं, किलोमीटर विचारले आणि सांगितलं, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन खोलावं लागेल. त्या रात्री मला झोप लागली नाही. २२ वर्षांच्या गाडीचं इंजिन खोलणं म्हणजे बहुतेक वेळा गाडी निरोपाच्या वाटेला लागणं. बाबा काही बोलले नाहीत, फक्त वही उघडून बसले होते.

इंजिन खोलायच्या आधी ते मोजता येतं. सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज मिळवला. इंजिन तापवलं, चारही प्लग काढले, इंजेक्टर आणि कॉइलची जोडणी सोडवली, भावाने एक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला. आकडे आले १२.१, १२.३, १०.९, ११.९ बार. तिसरा कमी. त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजला तर ११.८. ऑइलने फट भरली आणि दाब वाढला, म्हणजे वाल्व ठीक, रिंगा थोड्या झिजल्या आहेत. पण मॅन्युअलप्रमाणे सिलिंडरांमधला फरक २ बारपर्यंत चालतो आणि आमचा १.४ होता. शिवाय झिजलेल्या रिंगा गाडीला अशक्त करतात, ऑइल खायला लावतात. त्या गाडी एका क्षणात बंद करत नाहीत आणि अर्ध्या तासाने परत चालूही करत नाहीत. इंजिन खोलायचं नाही, हे त्या आकड्यांवर ठरलं.

मग बाबांनी त्यांच्या ओळखीच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांना फोन लावला. आता ते काम करत नाहीत, डोळे अधू झालेत. मी सगळं सांगितलं. त्यांनी पंपाचं ऐकलं, रिंगांचं ऐकलं आणि म्हणाले, "ते राहू दे. बंद पडली तेव्हा काटा कसा पडला, ते सांग."

मी कागदावरचं वाचून दाखवलं.

"गिअरमध्ये होती ना? क्लच दाबायच्या आधी?"

"हो."

"मग बाळा, चाकं इंजिनाला फिरवतच होती. पेट्रोल संपलं असतं तर काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला असता. इंजिन फिरतंय आणि काटा शून्यावर म्हणजे गाडीला दिसेनासं झालं की इंजिन फिरतंय."

मला ते स्टिअरिंग आठवलं. क्लच दाबेपर्यंत ते हलकं होतं, कारण स्टिअरिंगचा पंप इंजिनाच्या पट्ट्यावर आणि इंजिन फिरत होतं. मी ते हातांनी अनुभवलं होतं.

१९१०च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी आणि कॉइलवर चालणारी यंत्रणा दिली, तिचं तत्त्व माझ्या गाडीत अजून तेच आहे. कॉइलच्या जाड वेटोळ्यातून १२ व्होल्टचा प्रवाह सोडायचा आणि नेमक्या क्षणी तोडायचा, की बारीक वेटोळ्यात हजारो व्होल्ट उसळतात. तेव्हा तोडायचं काम पॉइंट नावाचे यांत्रिक स्विच करायचे. माझ्या गाडीत तो क्षण पिकअप कॉइल सांगते. (गाडीचा पिकअप म्हणजे ओढ, ती वेगळी.) डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर दातेरी चाक असतं, ते या कॉइलसमोरून गेलं की तिच्यात छोटासा व्होल्टेज उमटतो. तो गेला की प्रवाह तोडणाऱ्या इग्नायटरला कळत नाही कधी तोडायचं, काट्याला कळत नाही किती फिरतंय, आणि संगणकाला वाटतं इंजिन थांबलंय. आणि इंजिन थांबलंय असं वाटलं की संगणक सुरक्षेसाठी फ्युएल पंपही बंद करतो. अपघातात गाडी उलटली तर पंपाने पेट्रोल ओतत राहू नये, म्हणून. त्या दिवशी सीटखाली शांतता होती ती यामुळे. पंप धडधाकट होता, त्याला हुकूमच येत नव्हता. आणि नवा बसवेपर्यंतच्या तीन तासांत इंजिन निवलं, म्हणून पंपाने गाडी चालू झाली असं सगळ्यांना वाटलं.

या बिघाडाचा खरा त्रास हाच होता. तो गरम इंजिनात प्रकट व्हायचा आणि दुरुस्ती थंड इंजिनावर व्हायची. संगणकात एकही कोड नाही. प्रत्येक गॅरेजमध्ये गाडी पोचेपर्यंत बरी. प्रत्येक बदललेला भाग यशस्वी.

काकांनी सांगितलं, मीटर गाडीत ठेव आणि बंद पडली की लगेच, निवायच्या आत, मोज. इंजिन थंड असताना मी आधी पिकअप कॉइलचा रोध मोजून ठेवला: डिस्ट्रिब्युटरच्या जोडणीवर ३८५ ओहम, मॅन्युअलच्या मर्यादेत. मग भावाला घेऊन दुपारी मोकळ्या रस्त्यावर निघाले, मुद्दाम. ५२ मिनिटांनी गाडी गेली. सेल्फ मारला, काटा जागचा हलला नाही. चांगल्या गाडीत सेल्फबरोबर तो किंचित उसळतो, २००-३००ला. प्लग टेस्टर लावला, ठिणगी नाही. (पूर्वी वायर हातात धरून ब्लॉकजवळ नेऊन करंट बघायचे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर तसं करू नये. ठिणगीला वाट मिळाली नाही तर ते व्होल्टेज कॉइल आणि इग्नायटरमध्ये उलटतं, आणि माणसाला झटका बसतो तो वेगळाच.) मग जोडणी सोडवली, हात भाजत होते, मीटरच्या सुया टेकवल्या.

ओ. एल. म्हणजे तार तुटलेली.

भाऊ म्हणाला, "नीट टेकवल्यास का?" पुन्हा टेकवल्या. ओ. एल. मग फडकं ओलं करून पिळलं आणि डिस्ट्रिब्युटरच्या धातूच्या बुडाला गुंडाळलं, वायरी आणि कॅपला पाणी लागणार नाही असं. वाफ निघाली. मीटर तसाच धरून ठेवला. सहा मिनिटं काही नाही, मग आकडा लुकलुकला, गेला, परत आला, ४४० ओहमवर स्थिरावला. जोडणी लावली, सेल्फ मारला, गाडी उठली. तिथे रस्त्याच्या कडेला मला रडू आलं, हे सांगायला मला संकोच नाही. दीड महिना जे भूत होतं त्याला आकडा मिळाला होता.

तरीही दोष कॉइलमध्ये की जोडणीपर्यंतच्या वायरीत, हे पक्कं करायचं होतं. घरी डिस्ट्रिब्युटर काढला. काढण्याआधी बुडाची जागा मार्करने रेघ मारून ठेवली, रोटरचं तोंड कुठे आहे त्याचा फोटो काढला. माझ्या गाडीत तो कॅमच्या टोकाला बसतो आणि त्याची जीभ मध्यापासून जराशी सरकलेली असते, त्यामुळे उलटा बसूच शकत नाही. ज्यांच्या गाडीत तो गिअरवर बसतो त्यांनी जास्त जपावं, काढताना रोटर थोडा फिरतो आणि एक दात चुकला तर टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पार बिघडतं. टेबलावर ठेवून मीटर थेट कॉइलच्या टोकांना लावला आणि केस वाळवायचा ड्रायर सोडला. ३८५, ४००, ४२०, ४४५. इतकं वाढणं साहजिक आहे, तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यांनी वाढतो. ४६८ दिसलं आणि ओ. एल. ड्रायर बंद. चार मिनिटांनी ४५०. असं मी सलग पाच वेळा केलं, बाबा शेजारी बसून आकडे लिहीत होते.

केसाहून बारीक तार, हजारो वेटोळी, वरून घट्ट ओतलेलं राळेसारखं आवरण. तार एका प्रमाणात प्रसरण पावते, आवरण दुसऱ्या. २२ वर्षं रोज तापणं आणि निवणं, तेही थेट सिलिंडर हेडला चिकटून. कुठेतरी एक सांधा सुटला होता, थंडीत टोकं टेकायची, गरमीत दूर व्हायची. आणि इंजिन बंद केल्यावर पाणी आणि हवा दोन्ही थांबतात, त्यामुळे बॉनेटखालची उष्णता आधी आणखी वाढते. निवायला अर्धा तास लागायचा तो त्यामुळे.

नुसती पिकअप कॉइल आमच्या मॉडेलला वेगळी मिळत नव्हती, अख्खा डिस्ट्रिब्युटर घ्यावा लागला. भंगारातला मिळत होता. मी नाही घेतला, त्यातलं वेटोळंही तितकंच म्हातारं. नवा मार्करच्या रेघेवर बसवला, संगणकाच्या तपासणीसाठी असलेल्या जोडणीत जंपरची तार लावून संगणकाला टायमिंग हलवण्यापासून थांबवलं, टायमिंग लाइट पुलीवर धरला आणि बूड किंचित फिरवत खूण १० अंशावर आणली. ही पायरी वगळून नुसतं कानाने टायमिंग लावणारे आहेत. जुन्या पॉइंटच्या गाड्यांवर त्यांचा कान खरा असेल, पण इथे संगणक मधे मधे टायमिंग हलवत असतो, कान फसतो.

त्याच आठवड्यात सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून ब्लॉकपर्यंत व्होल्टेज मोजलं, १.१ आलं, ०.५च्या आत हवं. अर्थिंगची पट्टी हिरवी पडली होती. घासून, स्वच्छ करून बसवली, ०.२ झालं.

मग तोच रस्ता, तीच दुपार. ५२ मिनिटं झाली, तास झाला, दीड तास झाला. चढ चढले, मुद्दाम उभी केली, १० मिनिटं बंद ठेवली, म्हणजे उष्णता सगळी आत शिरेल, आणि सेल्फ मारला. काटा २५०ला उसळला आणि पुढच्या क्षणी ८००वर येऊन थांबला. बाबांनी वही उघडली, किलोमीटर लिहिले, त्याखाली तिसऱ्या सिलिंडरचा १०.९ लिहिला आणि पुढे वर्षभराने पुन्हा मोजायची तारीख.

जुन्या डिस्ट्रिब्युटरमधली पिकअप कॉइल मी सोडवून टेबलाच्या खणात ठेवली आहे. परवा सकाळी सहज मीटर लावला. ३८५ ओहम. अगदी मर्यादेत.